पेनावरची तारीख आणि पेनाचं वय

समजा, तुम्हाला शाईचं एक जुनं अमेरिकन पेन विकत घ्यायचंय. जेडसारखा हिरवा रंग, बॅरलच्या अंगात चपखल बसलेली धातूची छोटी लिव्हर, टोपणावर एक पांढरा ठिपका. भिंग लावलं की बॅरलवरचा ठसा वाचता येतो: शेफर कंपनीचं नाव, फोर्ट मॅडिसन, आयोवा, आणि खाली पेटंटच्या तारखा. त्यातली पहिली २५ ऑगस्ट १९०८ची. विकणाऱ्यानं वर्णनात लिहिलंय, '१९०८ सालचं दुर्मीळ पेन'. तुम्ही काय म्हणाल?

विकणारा खोटं बोलतोय असं नाही. १९०८ ठशात आहेच. पण हे पेन १९२४च्या आधीचं असू शकत नाही, आणि हे सांगायला कुठल्याही तज्ज्ञाची गरज नाही. पेनाच्या अंगावरच ते लिहिलेलं आहे, फक्त अक्षरांत नाही.

संशोधनाची तयारी करताना आपण 'प्राथमिक साधन' म्हटलं की कागद धरतो. पत्र, दप्तर, अहवाल, जनगणना. वस्तूही प्राथमिक साधन असते हे आपल्याला पाठ असतं, पण ती वाचायची कशी हे फारसं कोणी हात धरून शिकवत नाही. लिव्हरचं पेन या सरावासाठी मला फार सोयीचं वाटतं. ते तळहातावर मावतं, उघडता येतं, त्यात जेमतेम सात-आठ भाग असतात आणि प्रत्येक भाग वेगळ्या पदार्थाचा, म्हणून प्रत्येकाचं म्हातारपणही वेगळं. मी रसायनशास्त्रातून या वाटेला आले, त्यामुळे या शेवटच्या गोष्टीवर माझा जरा जास्तच जीव आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आधी लिव्हर आली कुठून ते पाहू.

आपल्याकडे ज्यांनी शाळेत शाईचं पेन वापरलंय त्यांना ड्रॉपर आठवत असेल. पुढचा भाग पिळून काढायचा, बॅरलमध्ये थेंब थेंब शाई सोडायची, परत पिळून बसवायचा आणि बोटं पुसायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतलं फाउंटन पेनही असंच होतं. शाई भरपूर मावायची, पण भरताना सांडायची आणि आटे सैल झाले की खिशात गळायची. पेनाच्या आत रबरी पिशवी घालायची आणि ती दाबून शाई ओढून घ्यायची, ही युक्ती लवकरच अनेकांना सुचली. अडचण पिशवीची नव्हती. बंद बॅरलच्या आतली पिशवी बाहेरून दाबायची कशी, हा प्रश्न होता.

ओहायोतल्या टोलेडो गावच्या कॉन्क्लिन कंपनीनं बॅरलला अर्धचंद्राच्या आकाराचा धातूचा कुबड दिला. तो दाबला की आतली पट्टी पिशवीवर दाबली जायची. चुकून दाबला जाऊ नये म्हणून त्याखाली एक फिरती कडी. दिसायला पेन जरा बेढबच, पण कुबडामुळे ते टेबलावरून घरंगळत नसे आणि कंपनीनं याचीच जाहिरात केली. मार्क ट्वेननंही याच गुणासाठी या पेनाची शिफारस केली होती.

वॉल्टर शेफर हा आयोवा राज्यातला सराफ. जन्म १८६७चा, ब्लूमफील्डचा. पुढे मिसिसिपी नदीकाठच्या फोर्ट मॅडिसनला त्याचं दुकान होतं. १९०७मध्ये कॉन्क्लिनची जाहिरात वाचताना आपल्याला कल्पना सुचली, असं त्यानं नंतर सांगितलंय. कुबड नको, त्याऐवजी अशी लिव्हर हवी जी वापरून झाल्यावर बॅरलच्या पृष्ठभागात मुरून जाईल. सराफाच्या डोक्यातली कल्पना आहे हे लगेच कळतं. कड्या, फासे, बिजागऱ्या, कळ दाबली की उघडणारी डबी, हे त्याचं रोजचं काम. २५ ऑगस्ट १९०८ला त्याला पेटंट मिळालं.

आणि मग काय झालं? लगेच फारसं काही नाही. शेफर दुकान चालवत राहिला. सुधारित रचनेचं दुसरं पेटंट १० डिसेंबर १९१२चं आहे. पेनं बनवायला त्यानं त्याच सुमारास सुरुवात केली आणि कंपनीची रीतसर नोंदणी झाली १९१३मध्ये. म्हणजे पहिल्या पेटंटपासून कंपनीपर्यंत पाच वर्षं. ही पाच वर्षं लक्षात ठेवा.

पेटंट म्हणजे वस्तू नव्हे. एखादी रचना माझी आहे हा कायद्यापुढे केलेला आणि मान्य झालेला दावा, एवढाच त्याचा अर्थ. तो दावा कितीतरी वर्षं टिकतो आणि कंपनी तो आपल्या मालावर कितीतरी वर्षं ठोकत राहते, कारण तारीख ग्राहकासाठी नसतेच. ती प्रतिस्पर्ध्यासाठी असते: 'नक्कल करशील तर कोर्टात भेटू.' पुढे पेटंटवरून कोर्टकज्जे झालेही. म्हणून ठशातली तारीख तुम्हाला एकच गोष्ट सांगते: हे पेन या दिवसाच्या आधीचं नाही. नंतरचं किती, याबद्दल ती गप्प असते. ठशात अनेक तारखा असतील तर सगळ्यात अलीकडची धरायची, आणि तीही फक्त खालची मर्यादा म्हणून. ताम्रपट किंवा नाणेनिधी हाताळणाऱ्यांना हे नवीन नाही. निधीतलं सगळ्यात नवं नाणं निधी कधीच्या आधी पुरला गेला नसेल ते सांगतं, नेमका कधी पुरला ते सांगत नाही.

याला जोडून एक गोष्ट आठवणींबद्दल. फाउंटन पेनाच्या इतिहासावरचं काहीही उघडा, लुई वॉटरमनची गोष्ट भेटेलच. हा विमा विकणारा, मोठा करार सहीला आलेला, पेनानं कागदावर शाई ओकली, नवा कागद आणेपर्यंत गिऱ्हाईक गेलं, आणि त्या संतापातून चांगलं पेन जन्माला आलं. गोष्ट छानच आहे. पण त्या काळातल्या कागदांत तिचा माग लागत नाही. ती आपल्यापर्यंत आली कंपनीच्या नंतरच्या प्रसिद्धीतून. कागदावर पक्कं आहे ते वॉटरमनचं १२ फेब्रुवारी १८८४चं पेटंट. शेफरची जाहिरातीची आठवण यापेक्षा बरी, कारण निदान ज्याची आहे त्यानंच ती सांगितलीय. तरीही ती यशस्वी झालेल्या माणसानं बऱ्याच वर्षांनी मागे वळून सांगितलेली आठवण आहे. प्रबंधात अशी वाक्यं लिहिताना 'त्याला सुचलं' आणि 'आपल्याला असं सुचलं, असं तो पुढे सांगतो' यांत काय फरक पडतो ते पाहा. तुमचा मार्गदर्शक पाहणारच आहे.

आता आपल्या हिरव्या पेनाकडे येऊ. शेफरनं सेल्युलॉइडची पेनं बाजारात आणली १९२४मध्ये, 'रॅडाइट' या नावानं, आणि त्यातला गाजलेला रंग म्हणजे हा जेड. त्याआधी पेनं होती कडक रबराची, म्हणजे एबोनाइटची, बहुतांशी काळी. टोपणावरचा पांढरा ठिपकाही १९२४चाच. १९२०मध्ये शेफरनं 'लाइफटाइम' नावाचं, जन्मभराची हमी असलेल्या निबेचं पेन पावणेनऊ डॉलरला काढलं होतं. ते दुरून ओळखू यावं म्हणून पुढे हा ठिपका आला. तर पदार्थ म्हणतो १९२४ किंवा नंतर. ठिपका म्हणतो तेच. उरला आकार. पेनाची दोन्ही टोकं सपाट असतील तर ते शेफरच्या जुन्या घाटाचं. निमुळत्या टोकांचा 'बॅलन्स' हा घाट १९२९चा, आणि सपाट टोकांची पेनं त्यानंतरही काही काळ विकली जात होती. तेव्हा आपलं पेन साधारण १९२४ ते १९३०च्या आसपासचं. ठशातल्या १९०८चा या पेनाच्या जन्माशी एवढाच संबंध, की तेव्हा त्याच्या लिव्हरचा दावा मान्य झाला होता. विक्रेत्याचं साल धरलं तर किमान सोळा वर्षांची चूक, आणि तीही कंपनी जन्मायच्या आधीची.

इथवर सोपं आहे. पण आपण आत्तापर्यंत एक गृहीत धरलंय: हे एकच पेन आहे.

पेनाची टोपणं हरवतात. निबा वाकतात, आणि सोन्याच्या असल्या की वितळवायला काढून विकल्या जातात. क्लिपा तुटतात. दुरुस्ती करणाऱ्याकडे मोडक्या पेनांचा डबा असतो, त्यातून जे बसेल ते बसवलं जातं. यात लबाडी असेलच असं नाही. ज्याला उद्या लिहायचंय त्याला चालतं पेन हवं असतं, अस्सल नव्हे. पण परिणाम हा, की आज बाजारात येणारं पेन म्हणजे अनेकदा दोन-तीन पेनांचा संसार असतो. म्हणून तारीख पेनाला द्यायची नाही, भागाला द्यायची. टोपण एक, बॅरल एक, निब एक, क्लिप एक, असं सुटं सुटं. मग ते एकमेकांशी भांडतात का ते बघायचं. पांढरा ठिपका लाइफटाइम निबेची ग्वाही देतो. टोपणावर ठिपका आहे आणि निबेवर लाइफटाइम नाही, तर दोघांपैकी एक पाहुणा आहे.

वॉटरमन कंपनीनं या बाबतीत आपल्यावर मोठेच उपकार केलेत. त्यांनी १९१५मध्ये लिव्हर घेतली, एका छोट्या चौकटीत बसवलेली, आणि त्यांच्या पेनांना आकड्यांची भाषा होती. बॅरलच्या बुडावर ५२ असेल तर दशकातला ५ म्हणजे लिव्हरचं पेन आणि एककातला २ म्हणजे निबेचा आकार. ५५ म्हणजे लिव्हर, पण निब पाच नंबरची. पुढे ४ लागून ४५२ झालं की वर चांदीचं वेष्टण. बुडावर ५२ आणि निबेवर ४ दिसलं की अदलाबदल झाल्याचं पेनच सांगतंय. १९२७च्या सात नंबरच्या पेनात तर निबेवर रंगाचं नाव कोरलेलं असे, लाल, हिरवा, जांभळा, गुलाबी वगैरे, आणि तोच रंग टोपणावरच्या पट्टीत. निबेवर गुलाबी आणि टोपणावर लाल पट्टी, म्हणजे कुणीतरी कधीतरी जोडी मोडली.

याच्या उलट टोकाला एस्टरब्रुक. न्यू जर्सीतल्या कॅम्डनची ही कंपनी स्वस्त पेनं करायची. त्यांच्या निबा जिभेसकट पिळून काढायच्या आणि दुसऱ्या बसवायच्या, आवडेल त्या. अशा पेनातली निब मूळची की नंतरची हा प्रश्नच निरर्थक आहे, कारण कंपनीनंच अदलाबदल विकली. पुरावा कुठे मागायचा आणि कुठे मागायचा नाही, हे वस्तूच्या घडणीवरून ठरतं.

आता माझा आवडता भाग. ठसा पुसला गेला, आकडे घासून गेले, तरी पदार्थ बोलतो.

पेनाच्या अंगावर अंगठा जोरात चोळा, गरम होईपर्यंत, आणि वास घ्या. गंधकाचा वास आला तर एबोनाइट. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर, तर एबोनाइट म्हणजे रबरात ढीगभर गंधक घालून तापवून कडक केलेला पदार्थ. साध्या रबरात गंधक थोडं, एबोनाइटमध्ये वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास. या गंधकाचं उजेडात आणि दमट हवेत हळूहळू ऑक्सिडीकरण होतं आणि काळं पेन तपकिरी, कधी शेवाळी पडतं. बाजारात हा दोष मानतात आणि पेनाचा भाव पाडतात. आपल्यासाठी ती नोंदवही आहे. टोपणाखाली झाकला गेलेला भाग काळाच राहतो. क्लिपेखालीही काळी सावली राहते, अगदी तिच्या आकाराची. क्लिप उचलून आत पाहिल्यावर सावली तिच्याहून रुंद किंवा आखूड दिसली, तर ही क्लिप नंतर आलेली. संपूर्ण पेन एकसारखं काळंभोर, टोपणाच्या आत-बाहेर काहीच फरक नाही, आणि वरची बारीक नक्षी मात्र झिजलेली, असं असेल तर दोनच शक्यता. एक तर ते आयुष्यभर अंधाऱ्या डबीत होतं (मग नक्षी झिजली कशी?), नाहीतर कुणीतरी त्याला पुन्हा काळा रंग दिलाय.

हिरव्या सेल्युलॉइडची कथा आणखी मजेशीर. इथे गुन्हेगार आत बसलेला असतो. रबरी पिशवीतून गंधकाची संयुगं झिरपत राहतात आणि बॅरलचा जेड आतून पिवळट, मग तपकिरी करत जातात. टोपणात पिशवी नसते, म्हणून टोपण हिरवं राहतं. तेव्हा जेडच्या लिव्हर पेनात बॅरल गडद आणि टोपण उजळ दिसणं हे स्वाभाविक आहे. दोन्ही सारखेच लखलखीत असतील तर 'वा, काय जपलंय' म्हणण्याआधी विचारा: यातली पिशवी फार लवकर निघाली होती का? का बॅरल दुसऱ्या पेनाचं आहे? उत्तर दर वेळी मिळेलच असं नाही, पण प्रश्न टिपून ठेवा.

विकत घेताना, तेही फोटो पाहून घेताना, हेच सगळं मागायचं. ठशाचा फोटो बाजूनं उजेड टाकून, म्हणजे अक्षरांच्या सावल्या पडतात. निब वरून आणि खालून. टोपणाचं तोंड जवळून, कारण पहिली चीर तिथेच जाते. लिव्हरच्या खाचेची दोन्ही टोकं, तिथेही बारीक भेगा असतात. 'पूर्ण दुरुस्त केलेलं' असं लिहिलं असेल तर काय काय केलं ते विचारा. पिशवी बदलली एवढंच, की निब सरळ केली, की अंग घासून चमकवलं? घासलेल्या पेनाचा ठसा उथळ होतो आणि एकदा गेलेली अक्षरं परत येत नाहीत. मी स्वतः चमकवलेल्या पेनापेक्षा मळलेलं पेन घेईन. आणि हो, बॅरलवर कुणा मालकाचं नाव कोरलेलं असेल तर संग्राहक तोंड वाकडं करतात, पेन स्वस्तात मिळतं. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी मात्र ते पेन जास्त मोलाचं. ते कुणाचं तरी होतं.

इथे एक सावधगिरी. आज मिळणाऱ्या पेनांवरून तेव्हा लोक काय वापरत होते हे सांगायला जाऊ नका. टिकतं ते काय? भेट मिळालेलं, कौतुकानं डबीत ठेवलेलं, महागाचं. ज्या पेनानं कारकुनानं दहा वर्षं रोज आठ तास लिहिलं ते झिजलं आणि कचऱ्यात गेलं. म्हणजे तुमचा नमुना न वापरलेल्या पेनांकडे झुकलेला आहे. नमुना निवडीतल्या या दोषाबद्दल संख्याशास्त्रात शिकलेलं इथे जसंच्या तसं लागू पडतं.

आता दुरुस्ती. पेन हातात आलं की पहिला मोह लिव्हर उचलून बघण्याचा होतो. तो आवरा. कानाजवळ धरून हलवा. आत खुळखुळ आवाज आला तर पिशवी वाळून, कडक होऊन फुटलेली आहे. आवाज नाही आणि लिव्हरही हलत नाही, तर पिशवी अख्खी दगड झालीय. अशा वेळी लिव्हरवर जोर दिला तर लिव्हर तुटते नाहीतर बॅरलला चीर जाते. उलट लिव्हर लोंबकळत असेल, काहीच विरोध नसेल, तर आतला प्रेशर बार गंजून निखळलाय.

रचना साधी आहे. निब बसते तो पुढचा तुकडा म्हणजे सेक्शन. त्याच्या मागच्या बोंडावर पिशवी चढवलेली असते. पिशवीच्या बाजूला बॅरलभर लांबीची धातूची पट्टी, तोच प्रेशर बार. लिव्हर उचलली की तिचं आतलं टोक पट्टीला ढकलतं, पट्टी पिशवी चेपते, हवा बाहेर. लिव्हर खाली केली की पिशवी आपल्या लवचीकपणानं फुगते आणि बाहेरच्या हवेचा दाब शाईला जिभेतून वर ढकलतो. म्हणून लिव्हर मिटल्यावर निब लगेच बाहेर काढायची नाही, सावकाश दहापर्यंत मोजायचं.

सेक्शन काढायला कोरडी उष्णता लागते, साधारण साठ अंशांपर्यंत. केस वाळवायचं यंत्र दुरून चालतं. ज्योत कधीही नाही: सेल्युलॉइड हे बंदुकीच्या कापसाचं भावंडं आहे, पेटलं तर विझत नाही. आणि एबोनाइट पाण्यात भिजत घालायचं नाही, काळं पेन काही तासांत तपकिरी होऊन बाहेर येईल आणि तुमची ती उजेडाची नोंदवही पुसली जाईल. जुनी पिशवी खरवडून काढायची, बोंड साफ करायचं, मापाची नवी पिशवी घ्यायची. मापं इंचाच्या चौसष्टाव्या भागात असतात: १६ नंबरची पिशवी म्हणजे पाव इंच व्यासाची. बॅरलमध्ये ती सैल सरकली पाहिजे, घट्ट कोंबली तर लिव्हरला दाबायला जागाच उरत नाही.

चिकटवायला शेलॅक. झटपट चिकटणारे आधुनिक गोंद नकोत. शेलॅक उष्णतेनं मऊ होतं आणि अल्कोहोलमध्ये विरघळतं, म्हणजे पुढच्या माणसाला तुमचं काम उलटवता येतं. गोंदानं पुढच्या माणसाचा रस्ता बंद होतो. संग्रहालयातले लोक दुरुस्तीची हीच कसोटी लावतात. आणि शेलॅक म्हणजे आपली लाख. झाडांवरच्या किड्यांनी तयार केलेली, छोटा नागपूरच्या जंगलांतून गोळा होणारी. त्या काळात जगाला लाख पुरवणारा मुख्य देश भारतच होता, आणि १९२४मध्ये, जेड पेन बाजारात आलं त्याच वर्षी, रांचीजवळ नामकुमला लाखेवरची संशोधन संस्था सुरू झाली. आयोवातल्या पेनाचा इतिहास आयोवातच संपत नाही.

पिशवी बसवली तरी पेन नीट लिहीलच असं नाही, आणि इथे प्रयोगशाळेतली सवय कामाला येते: एका वेळी एकच गोष्ट बदला. शाई कमी भरते? पाण्यात निब बुडवून लिव्हर दाबा आणि बुडबुडे पाहा. बुडबुडे भरपूर येतात पण पाणी चढत नाही, तर पिशवीच्या सांध्यातून हवा शिरतेय. बुडबुडेच मोजके, तर पट्टी पुरती दाबत नाहीये. शाई भरते पण अक्षर तुटक येतं, तर निबेची फट आवळलेली आहे किंवा जिभेच्या खाचेत वाळलेली शाई आहे. आधी धुऊन बघा, निबेला हात नंतर. सुरुवातीला छान लिहिलं आणि शाई संपत आल्यावर भसकन थेंब पडला, तर पेनात दोष नाही. अर्ध्या रिकाम्या पिशवीतली हवा हाताच्या उबेनं प्रसरण पावते आणि शाई बाहेर ढकलते. शाई पुन्हा भरा, झालं.

एवढं वाचल्यावर तुमच्या लक्षात आलं असेल की दुरुस्तीच्या प्रत्येक पायरीवर काहीतरी पुरावा जातो. म्हणून काहीही उघडण्याआधी नोंद करा. लांबी मिलिमीटरमध्ये, टोपणासह आणि टोपणाविना. वजन. शेजारी पट्टी ठेवून सगळ्या बाजूंचे फोटो. ठसा अक्षरशः, तुटलेल्या अक्षरांच्या जागा रिकाम्या ठेवून. अंदाजानं भरू नका. मग भागवार तक्ता: भाग, पदार्थ, कधीच्या आधीचा नाही, कशावरून, आणि इतर भागांशी जुळतो की भांडतो. शेवटी दुरुस्ती: तारीख, काय काढलं, काय घातलं, कुठल्या मापाचं.

बोंडावरून खरवडलेले जुन्या पिशवीचे तुकडे टाकून देऊ नका. कधी त्यावर आतल्या शाईचा थर वाळलेला असतो, निळा किंवा काळा. एका छोट्या कागदी पाकिटात घाला, पाकिटावर पेनाचा नोंद क्रमांक लिहा, आणि पेन्सिलनं लिहा.